नोंदवहीतील एक ओळ

विमान कोसळले की बातमी होते. वृत्तपत्रांची पहिली पाने भरतात, चौकशी समिती नेमली जाते, मृतांच्या नातलगांना भरपाई जाहीर होते आणि चार दिवस सर्वत्र त्याचीच चर्चा चालते. परंतु एखादे छोटे विमान धावपट्टीवर जोराने आदळले, बेडकासारख्या दोन-तीन उड्या मारून थांबले आणि वैमानिक धडधाकट बाहेर आला, तर त्याची बातमी कोणी देत नाही. धावपट्टीच्या कडेला उभे असलेले चार जण हसतात, कोणीतरी पाठीवर थाप मारतो, आणि तासाभराने तेच विमान पुढच्या उड्डाणासाठी रांगेत उभे राहते. पुढच्या उड्डाणात त्याच्या आसनावर कोण बसणार आहे आणि त्याला काय सांगितले गेले आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

वैमानिकांच्या भाषेत या प्रकाराला ‘हार्ड लँडिंग’ म्हणतात. एका इंजिनाच्या, दोन किंवा चार आसनांच्या पंखेवाल्या विमानांच्या जगात हा अगदी नेहमीचा अपघात आहे. अशी खासगी विमाने सर्वाधिक संख्येने अमेरिकेत आहेत. तेथे दरवर्षी त्यांच्या अपघातांचा आढावा प्रसिद्ध होतो आणि त्यात वर्षानुवर्षे एकच चित्र दिसते : वैमानिकाच्या चुकीने होणाऱ्या अपघातांत सर्वांत मोठा वाटा उतरतानाच्या अपघातांचा असतो आणि त्यांत मृत्यू मात्र फार थोडे होतात. विमान मोडते, माणूस वाचतो. यामुळेच या प्रकाराकडे गांभीर्याने पाहिले जात नाही. जीव वाचला म्हणजे सर्व काही वाचले, अशी समजूत करून घेतली जाते.

हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा आहे, त्याच्याशी मध्यमवर्गीय घरांचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. एकेकाळी ते खरेही होते. १९२८ साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, पुढच्याच वर्षी जे. आर. डी. टाटांना देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला, आणि त्यानंतरची कित्येक दशके उड्डाण ही संस्थानिकांच्या आणि उद्योगपतींच्या मुलांची गोष्ट राहिली. आज बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर येथील धावपट्ट्यांवर उडणारी मुले-मुली शिक्षकांची, बँक कर्मचाऱ्यांची, शेतकऱ्यांची आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च काही दशलक्ष रुपयांच्या घरात जातो. घर गहाण पडते, भविष्यनिर्वाह निधी मोडला जातो, शैक्षणिक कर्ज काढले जाते. एवढे करून ज्या विमानात मुलगा बसतो, ते विमान कालच्या दिवशी कोणी आणि कसे उतरवले होते, हे त्याच्या आई-वडिलांच्या दृष्टीने अगदी घरचा प्रश्न आहे.

प्रश्न समजून घ्यायचा तर आधी विमान आदळते म्हणजे नेमके काय होते, ते पाहिले पाहिजे. छोटे विमान धावपट्टीच्या दिशेने येते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर असतो आणि ते मिनिटाला साधारण पाचशे फूट या गतीने खाली येत असते. हे झाले सेकंदाला आठ फुटांहून थोडे अधिक. अमेरिकेच्या ज्या मानकांनुसार या वर्गातील विमाने अनेक दशके बनत आली, त्यांत विमानाच्या वजनाच्या आणि पंखांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात चाकांची सहनशक्ती ठरवलेली आहे. ती सेकंदाला सात ते दहा फूट एवढ्या अधोगतीच्या दरम्यान येते. दोन आकडे शेजारी ठेवले की गोष्ट स्पष्ट होते. खाली येण्याची नेहमीची गती आणि चाकांना सोसेल अशी कमाल गती यांत फारसे अंतरच नाही! जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर वैमानिक विमानाचे नाक अलगद उचलतो, अधोगती जवळजवळ शून्यावर आणतो आणि विमान टेकवतो. ही काही सेकंदांची क्रिया चुकली, तर विमान आपल्या सहनशक्तीच्या सीमेवर जमिनीला भिडते. सेकंदाला सात ते दहा फूट ही गती म्हणजे एखादी वस्तू पाऊण ते दीड फुटावरून खाली सोडल्यावर तिला जी गती येईल तेवढीच. (हे गणित शालेय सूत्राने सुटते, प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने ते एकदा स्वतः करून पाहावे.) दीड फूट! घरातील स्टुलाची उंची एवढीच असते.

मोठ्या विमानांचे गणितही फार निराळे नाही. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅनडातील टोरांटो येथे डेल्टा कंपनीच्या सेवेतील एक प्रवासी जेट धावपट्टीवर आदळले, त्याचा उजवा पंख तुटला आणि विमान उलटे होऊन बर्फावर घसरत गेले. आतील ऐंशीही जण वाचले. मिनिटाला सहाशे फुटांहून अधिक गतीने टेकणे म्हणजे आदळणे, अशी त्या विमानाची व्याख्या आहे. ते मिनिटाला सुमारे अकराशे फूट गतीने खाली आले होते. गती जवळजवळ दुप्पट, परंतु आघाताची ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती तिपटीहून अधिक. विमानवाहू युद्धनौकेवर उतरणारे लढाऊ विमान मात्र जाणीवपूर्वक आदळवले जाते. नौदलाचा वैमानिक नाक उचलत बसत नाही, कारण त्याच्या विमानाचे पाय त्यासाठीच घडवलेले असतात. शिकाऊ विमानाचे पाय तसे नसतात.

आदळण्याचे प्रकार दोन-तीनच आहेत. कोणी घाईने, अधिक वेगाने येतो. विमान टेकायला तयारच नसते, ते जमिनीलगतच्या हवेवर तरंगत राहते आणि अधीर झालेला वैमानिक दांडी पुढे लोटून त्याला बळेच खाली बसवू पाहतो. कोणी जमिनीचा अंदाज चुकून दहा फुटांवरच विमान टेकवल्यासारखे नाक उचलतो; वेग संपतो, पंख हात टेकतात आणि विमान दगडासारखे खाली येते. कोणी नाक उचलायचेच विसरतो. या तिन्ही चुका प्रत्येक शिकणाऱ्याकडून होतात, आजवरच्या सर्व थोर वैमानिकांकडूनही झाल्या आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांनी काही बिघडत नाही.

खरे संकट पुढे सुरू होते. आदळलेले विमान उसळते. सेसना जातीच्या विमानांचे पाय पोलादी पट्टीचे किंवा नळीचे असतात. ते वाकून आघात झेलतात आणि झेललेली ऊर्जा धनुष्याच्या कांबीप्रमाणे परत करतात. तेल आणि हवा यांवर चालणारे पाय असलेली विमाने त्या मानाने कमी उसळतात, पण उसळतातच. जुन्या काळच्या शेपटीला चाक असलेल्या विमानांची तऱ्हा आणखी वेगळी होती. डॉ. वि. मा. घाटगे या मराठी अभियंत्याने हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये सिद्ध केलेले आणि १९५१ साली प्रथम आकाशात झेपावलेले ‘एच. टी. २’ हे शिकाऊ विमान याच जातीचे. १९५८ साली उडालेले, पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचलेले ‘पुष्पक’ही तसेच. या विमानांचा भार पुढच्या चाकांच्या मागे असतो. ती आदळली की शेपूट खाली जाते, पंखांना वारा अधिक कोनातून मिळतो आणि विमान पुन्हा उडते, पण उडत राहण्याइतका वेग मात्र त्याच्याजवळ उरलेला नसतो. या विमानांवर शिकलेल्या पिढीला उतरण्याचे जे वळण लागले, त्याचे कौतुक जुने वैमानिक अजून करतात, आणि त्यात केवळ स्मरणरंजन आहे असे म्हणता येणार नाही. स्वदेशी यंत्राने स्वदेशी माणसाला शिस्त लावली होती.

आज बहुतेक शिकाऊ विमानांना पुढे, नाकाखाली चाक असते. पहिली उसळी बसली की शिकणाऱ्याचा हात आपोआप दांडी पुढे ढकलतो. विमान नाकावर येते, पुढचे चाक आधी टेकते, विमान पुन्हा उसळते, हात पुन्हा चुकीच्या क्षणी चुकीच्या दिशेला जातो. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीहून उंच होते. एका-दोन फेऱ्यांनंतर नाकाचे चाक मोडते, पंखा धावपट्टीला घासतो आणि इंजिन अडकून बंद पडते. पहिले आदळणे विमानाने सोसलेले असते. ते मोडते ते आदळणे सावरण्याच्या धडपडीत.

यावरचा उपाय वैमानिकांच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्याच धड्यात दिलेला आहे. पूर्ण शक्ती द्यावी, उतरण्याचा नाद सोडावा, वर जावे, एक फेरी मारून पुन्हा यावे. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. इंधन फार लागत नाही, वेळ पाच-सात मिनिटांचा जातो. इतका स्वस्त आणि इतका हमखास उपाय हाताशी असताना माणसे तो का वापरत नाहीत? फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रवासी कंपन्यांच्या विमानांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की वेग, उंची वा दिशा बिघडलेल्या, म्हणजे ज्यांतून नियमानुसार परत वर गेलेच पाहिजे अशा, शंभर अवतरणांपैकी जेमतेम तीन वैमानिक वर जातात. बाकीचे सत्त्याण्णव ‘जमेल’ म्हणून उतरतात, आणि बहुतेकदा जमतेही. हे जमणेच घातक आहे. प्रत्येक वेळी जमल्याने नियम मोडण्याची सवय अनुभव म्हणून मिरवू लागते.

यात मानी स्वभावाचा भाग आहे, हे उघड आहे. आपल्या समाजात परत फिरणे ही हार समजली जाते. शिवछत्रपतींनी पुरंदरचा तह केला, वेळ पाहून माघार घेतली, आणि गेलेले किल्ले पुढे परत घेतले, हे शाळेत शिकवले जाते. पण पाठीमागच्या आसनावर दोन मित्र बसलेले असताना धावपट्टीवरून विमान पुन्हा वर नेणाऱ्या तरुणाला मात्र ‘घाबरलास काय?’ हाच प्रश्न ऐकावा लागतो.

मानी स्वभावाहून मोठे कारण मात्र भय हे आहे. आणि या भयाचा सर्वांत करुण दाखला याच देशात आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान उतरले ते आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर सुमारे पाच हजार दोनशे फूट पुढे जाऊन. ते थांबू शकले नाही, दरीत कोसळले. १६६ जणांपैकी आठच वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने सखोल अहवाल दिला. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ असे एकदा नव्हे, तीनदा सुचवले होते. मुख्य वैमानिकाने ते ऐकले नाही. प्रवासातील बराच वेळ ते झोपेत होते, हेही ध्वनिमुद्रणावरून उघड झाले. पण त्या चौकशीत पुढे आलेली आणखी एक बाब फारशी चर्चिली गेली नाही. त्या मुख्य वैमानिकांना पूर्वी एका जोरदार अवतरणाबद्दल कंपनीने बोलावून घेतले होते आणि ते त्यांना लागले होते. त्या बोलावण्याचा त्या सकाळच्या निर्णयाशी थेट धागा जोडणे अन्यायाचे होईल. अपघाताची प्रमुख कारणे वेगळी आहेत आणि ती निःसंदिग्ध आहेत. तरीही आदळल्याबद्दल जाब द्यावा लागतो, हे एकदा वैमानिकांच्या मनात बसले की त्यांतले काही जण अलगद टेकण्याच्या नादात धावपट्टी मागे टाकत जातात, आणि वर गेल्याबद्दलही जाब द्यावा लागेल असे वाटले की वर जाण्याचे टाळतात. ‘गो-अराउंड’ केल्याबद्दल वैमानिकावर कारवाई होऊ नये, ही भूमिका नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने घेतली आहे, ती या मानसिकतेमुळेच.

प्रवासी कंपन्यांच्या विमानांत निदान यंत्र साक्षीदार असते. किती जोराने टेकले, कोणत्या कोनात टेकले, हे सारे नोंदले जाते; दुसऱ्या दिवशी कार्यालयात ते वाचले जाते. बहुसंख्य छोट्या विमानांत असे यंत्र नसते. फ्लाइंग क्लबच्या जुन्या सेसनात एकट्याने उडणारा वीस वर्षांचा मुलगा दुपारच्या उन्हात विमान आदळवतो तेव्हा त्याचा साक्षीदार तो स्वतःच असतो. नियम असा की उतरल्यावर विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत तसे लिहायचे. ती ओळ लिहिली की विमान उड्डाणातून बाजूला काढले जाते आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली विशेष तपासणी अभियंता करतो.

ही तपासणी उपचार म्हणून सांगितलेली नाही. सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले छोटे विमान. त्याच्या नाकाचे चाक इंजिन आणि वैमानिक यांच्यामधील पातळ धातूच्या भिंतीला बसवलेले असते. नाकावर आदळल्यास ही भिंत सुरकुतते. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. अॅल्युमिनियमला पडलेली चीर तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि प्रत्येक उड्डाणात ती तिळातिळाने वाढत जाते. पंखा फिरत असताना जमिनीला घासला असेल, तर गोष्ट आणखी गंभीर. पात्याचे टोक कानशीने घासून सरळ करता येते, परंतु त्या धक्क्याने इंजिनाच्या आतील मुख्य दंडाला, त्याच्या दंतचक्राला काय झाले, हे इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच इंजिन बनवणाऱ्या कंपन्या अशा आघातानंतर इंजिन खोलून तपासायला सांगतात. तो खर्च मोठा आहे. तो वाचवला तर इंजिन त्या दिवशी बंद पडत नाही. दहा, वीस, पन्नास तासांनी कधीतरी बंद पडते, आणि तेव्हा विमानात ज्याने आदळवले तो नसतो.

लहानपणी शेजाऱ्याची सायकल मागून न्यायची, खड्ड्यात घालून चाक वाकवायचे आणि संध्याकाळी गुपचूप भिंतीला टेकवून ठेवायची, हा उद्योग अनेकांनी केला असेल. दुसऱ्या दिवशी शेजारी खरचटून घ्यायचा, एवढाच त्याचा परिणाम. विमानाच्या बाबतीत ही सायकल दोन हजार फुटांवर असते.

मग ती एक ओळ का लिहिली जात नाही? एखाद्या संस्थेत कोणीही मोकळेपणाने बोलले, तर उत्तरे सारखीच मिळतील. विमान बाजूला काढले की उरलेल्यांची उड्डाणे रखडतात. संस्थेकडे विमाने मोजकी असतात, पावसाळ्याने आधीच वेळापत्रक विस्कळीत केलेले असते, रांगेतील दहा मुलांचे डोळे त्या एकावर रोखले जातात. संस्थाचालक नुकसानीची रक्कम मागतील, अशी धास्ती असते. प्रशिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याची चूक म्हणजे आपल्या लौकिकाला बट्टा वाटतो. आणि घरी हप्ते सुरू झालेले असतात. वडिलांना फोन करून ‘आज विमान आदळले’ हे सांगण्यापेक्षा गप्प बसणे सोपे वाटते. एवढ्या ओझ्याखाली वीस वर्षांच्या मुलाने सत्य बोलावे, अशी अपेक्षा करायची आणि सत्य बोलल्यावर त्यालाच दंड करायचा, हा न्याय कोणता?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वाजवी आहे. चुकीला शिक्षाच नसेल तर निष्काळजीपणा माजेल. शिस्तीशिवाय विमानविद्या शिकवताच येत नाही. हे मान्य केले पाहिजे. मद्य घेऊन उडणारा, परवानगी नसता मित्रांना दाखवण्यासाठी शेतावरून घिरट्या घालणारा, प्रशिक्षकाचा आदेश झुगारणारा, यांना दया दाखवण्याचे कारण नाही. पण शिकताना हात चुकला ही गोष्ट वेगळी, आणि चुकलेला हात झाकला ही गोष्ट वेगळी. पहिल्याला अधिक तास शिकवावे लागते. कठोर शिक्षा राखून ठेवायची ती दुसऱ्यासाठी. आज बऱ्याच ठिकाणी नेमके उलटे घडते : सांगणाऱ्याला भुर्दंड पडतो आणि लपवणारा सुटतो. अशा व्यवस्थेत मुले काय शिकतील, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

अमेरिकेने हा धडा फार मोठी किंमत देऊन गिरवला. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे एक बोइंग ७२७ विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत असताना व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले. ९२ माणसे मृत्युमुखी पडली. नकाशातील आणि नियंत्रण कक्षाच्या सूचनेतील संदिग्धतेमुळे वैमानिक वेळेआधीच खाली उतरले होते. चौकशीत उघड झाले की अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून, त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते प्रामाणिकपणे सांगितले होते, कंपनीने आपल्या अन्य वैमानिकांना सावधही केले होते. ती सूचना कंपनीच्या भिंतीबाहेर मात्र गेली नाही. १९७६ साली तेथे वैमानिकांनी आपल्या चुका स्वेच्छेने कळवण्याची व्यवस्था सुरू झाली. तिची मेख अशी की हे कागद दंड करणाऱ्या सरकारी खात्याकडे जातच नाहीत. ते नासा या अवकाश संस्थेकडे जातात. तेथे नाव-गाव काढून टाकले जाते, शिकण्याजोगे जे असेल ते सर्वांना कळवले जाते, आणि दहा दिवसांच्या आत चूक कळवणाऱ्याला, ती जाणूनबुजून केलेली नसेल तर, दंडातून सूट मिळते. अर्धशतक होत आले, ही व्यवस्था चालू आहे. पाश्चात्त्यांचे सारेच उचलण्याचे कारण नाही. हे मात्र उचलावे असे आहे.

भारतातही स्वेच्छेने माहिती देण्याची सोय कागदोपत्री आहे. छोट्या धावपट्टीवरच्या प्रशिक्षणार्थ्याला तिची माहिती आणि तिच्यावर विश्वास किती आहे, हा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने चार दिवसांच्या आत कोसळली, तेव्हा महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. ते योग्यच झाले. २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देण्यास सुरुवात झाली, तेही स्वागतार्ह आहे. परंतु श्रेणी देताना एक काळजी घ्यावी लागेल. ज्या संस्थेत घटनांच्या नोंदी अधिक, तिची श्रेणी खाली, असा सरळ हिशेब मांडला, तर नोंदी कमी होतील आणि घटना तेवढ्याच राहतील. परीक्षकाने नोंदी मोजण्याऐवजी नोंदवही आणि विमान शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. टायर वेळेआधी झिजलेले आहेत, नाकाच्या चाकाचे भाग वारंवार बदललेले आहेत, पात्यांची टोके घासलेली आहेत आणि नोंदवहीत मात्र सारे अवतरण रेशमासारखे मऊ, असे जेथे दिसेल तेथे खोलात जावे. संस्थांनीही आदळल्याच्या नोंदीसाठी विद्यार्थ्याकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही, हे प्रवेशपत्रावरच छापावे. विमा कशासाठी असतो?

पालकांच्या हातीही काही आहे. मुलाला प्रवेश घ्यायला जाताना वडील वसतिगृह पाहतात, खानावळीत जेवून पाहतात, शुल्काचे हप्ते किती ते विचारतात, मागच्या वर्षी किती मुलांना नोकऱ्या लागल्या याची चौकशी करतात. त्याच फेरीत मुख्य प्रशिक्षकांच्या समोर बसून आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : गेल्या वर्षभरात तुमच्या मुलांनी किती वेळा विमान आदळवले आणि ते कोणी सांगितले? प्रशिक्षकांनी एखादा आकडा सांगितला, त्यानंतरच्या तपासण्यांचे कागद दाखवले, तर पहिला हप्ता निश्चिंतपणे भरावा. आणि शंभरावर मुले शिकत असलेल्या त्या संस्थेत वर्षभरात एकदाही विमान आदळले नाही, असे अभिमानाने उत्तर मिळाले, तर मुलाला घेऊन सरळ पुढच्या गावची गाडी पकडावी.